तीन फेऱ्या पुढे

गुडघेदुखीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते. दोघेही जुने धावपटू.

“आपल्यावरचा सिनेमा पाहिलास?”

“पाहिला. त्यात शर्यत मी जिंकतो.”

“आणि पदक माझ्या कपाटात! मूळ कथेत बरोबर होतं की. चारांतल्या तीन फेऱ्या तू पुढं पळून मला वेग देतोस आणि ठरल्याप्रमाणं बाजूला होतोस.”

“नातीला ते कुठं ठाऊक? उद्या तिच्या शाळेत मला विजेता म्हणून बोलावलंय.”

“मग जा की ऐटीत. माझी काही तक्रार नाही.”

“वेडा आहेस का? मी कथाच वाचून दाखवणार. सिनेमात मी जिंकतो तेव्हा नुसतं संगीत वाजतं. कथेत मी बाजूला होतो, त्यावर लेखिकाबाईंनी सबंध पान लिहिलंय.”

“पोरगी हिरमुसेल रे.”

“तीच तर धाकधूक आहे. म्हणेल, आजोबा, तुम्ही मधेच का थांबलात?”

“मग?”

“मग तू उठून बोलायचंस.”

“मी? चार लोकांत माझी बोबडी वळते, बाबा.”

“माझ्या मागं पळताना तुला काय वाटत होतं, तेवढंच सांग.”

“काय वाटणार? वारा लागत नव्हता. तीन फेऱ्या अंगाला वारा म्हणून लागला नाही.”