न झाडलेली बंदूक

खिळ्यांपासून बंदुकांपर्यंत सगळं विकणाऱ्या आर्नीच्या दुकानात मेव्हिसबाई मासेमारीच्या परवान्यासाठी थांबल्या होत्या. रांगेत त्यांच्या पुढे लेलँड, हातात जुनी दुनळी बंदूक.

“काडतुसं दे रे, आर्नी. ही बंदूक ऑनलाइन लिलावात घेतलीय. नळीवरची नक्षी बघ.”

“नक्षी कसली, लोखंडी पट्ट्या पिळून केलेली नळी आहे. आजच्या काडतुसानं फुटेल, हात जाईल. झाडलीस का?”

“कुठली झाडतोय. बायकोनं घरातली काडतुसं लपवलीत. म्हणते, आधी जिन्याच्या पायऱ्या दुरुस्त कर.”

“मग वाचलास. न झाडलेली असेल तर लिलाववाले तीन दिवसांत परत घेतात.”

“आज तिसराच.”

“आण इकडे, दुकानातर्फे आत्ताच परत पाठवतो. काडतुसं राहू देत ना?”

लेलँडनं दहाही बोटं हलवून पाहिली.

“राहू देत. पायऱ्यांचे खिळे दे.”