रजेवरचे साहेब

बायको : चप्पल नंतर काढा. आज काय म्हणाले पेन्शन ऑफिसात, ते आधी सांगा.

नवरा : काय म्हणणार? साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

बायको : कोण म्हणालं?

नवरा : खिडकीवरचा तो क्लार्क. पाणी दे जरा.

बायको : घ्या. तुम्ही स्वतः बोललात त्याच्याशी?

नवरा : मग काय भिंतीशी बोललो? रोज उठून त्यासाठीच तर जातो.

बायको : तुमचा चष्मा घरी राहिला होता. तो द्यायला गेले होते मी तिथे.

(तो पेला तोंडाला न लावताच खाली ठेवतो.)

बायको : अख्खी रांग पालथी घातली. शेवटी त्या क्लार्कलाच विचारलं. म्हणाला, पाणीपुरवठ्यातले काका ना? ते उन्हाळ्यापासून फिरकलेच नाहीत. आणि तुमचे ते साहेब कधीच बदलून गेलेत. आता बाई आहेत त्यांच्या जागी.

नवरा : असेल.

बायको : असेल काय? डबा घेऊन जाता कुठे रोज?

नवरा : पंपहाऊसवर. आपली जुनी पोरं आहेत तिथे. बसतो. एखादा व्हॉल्व्ह अडकला तर हात लावतो.

बायको : फुकट?

नवरा : चहा पाजतात.

बायको : चहा पाजतात! आणि मी इथे नसलेल्या साहेबाच्या नावानं बोटं मोडतेय! भावापुढे हात पसरले ते कशाच्या भरवशावर? ‘यांचं काम होतच आलंय रे’ असं सांगून!

नवरा : हळू बोल. शेजारी ऐकतील.

बायको : ऐकू देत. महिनाअखेर प्रकरण बंद करणार होते तुमचं. अर्जदार हजर होत नाही, असा शेरा मारून.

नवरा : बंद? म्हणजे?

बायको : म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. का गेला नाहीत?

नवरा : जाऊ दे ना.

बायको : नाही जाऊ देणार.

नवरा : माझी जन्मतारीख दोन ठिकाणी वेगवेगळी लागलीय. खिडकीवरच्या त्या पोरानं ती मोठ्यानं वाचली. म्हणाला, काका, नक्की एकदाच जन्मलात ना? सगळी रांग हसली.

बायको : मग?

नवरा : हात आपटला टेबलावर. म्हटलं, तारखा तुमच्याच ऑफिसानं लिहिल्यात. तर त्यानं वॉचमनला हाक मारली. वॉचमननं दंडाला धरून बाहेर आणलं मला. पार पायऱ्यांपर्यंत. ओळखीचा निघाला गं तो. त्याच्या वस्तीला मीच पाणी सोडायचो.

बायको : काही बोलला?

नवरा : चला काका, तमाशा नको, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी. फाटकाच्या आत पाय उचलेना.

बायको : घरी येऊन सांगायचं होतं.

नवरा : काय सांगू? तुझ्या नवऱ्याला हाताला धरून हाकललं?

बायको : हो. तसंच.

नवरा : तुला नाही कळायचं ते.

बायको : मलाही काढलं आज.

नवरा : काय?

बायको : बाईमाणूस म्हणून दंड धरला नाही, एवढंच.

नवरा : तू काय केलंस पण?

बायको : तो क्लार्क म्हणाला, काकू, काकांवर जरा लक्ष ठेवा. माझं डोकंच फिरलं, सगळ्यांसमोर झापलं त्याला. मग बाहेर काढल्यावर बसले पायरीवर, अगदी मधोमध. दुपारी त्या बाई जेवायला निघाल्या. म्हणाल्या, उठा. म्हटलं, ऐकून घेतल्याशिवाय नाही उठणार.

नवरा : अरे देवा. मग?

बायको : घेतलं ऐकून. फाइल मागवली. शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरा, असं स्वतः लिहिलं त्यावर. तुमची सही हवी. उद्या, समोर.

नवरा : त्याच खिडकीवर?

बायको : त्याच.

नवरा : तू घेऊन ये ना कागद घरी.

बायको : नाही.

नवरा : तो पोरगा पुन्हा हसेल.

बायको : हसू दे. मी असेन शेजारी. आणि सही केली म्हणून लगेच पेन्शन सुरू होईल, असं नाही म्हणाल्या त्या. पुढे आणखी टेबलं आहेत. पण प्रकरण बंद नाही होणार.

नवरा : सकाळी किती वाजता उघडतं गं ते?

बायको : तुम्ही मला विचारताय?

नवरा : विसरलो मी. खरंच विसरलो.

बायको : दहाला. जेवून घ्या आता.

नवरा : तो निळा शर्ट इस्त्री केलेला आहे का?