वकील अण्णा आणि आमचं वायफाय

परवा दुपारी आई मालिका बघत होती, तर टीव्हीवर आपोआप ‘केसगळतीवर कांद्याचा रस’ असा व्हिडिओ सुरू झाला. आईनं दोनदा बदलला, तरी तोच.

मला कळलं, कुणीतरी आमच्या वायफायवर आहे आणि त्याच्या मोबाईलवरचं आमच्या टीव्हीवर येतंय. पासवर्ड एकदाच दिला होता, वरच्या मजल्यावरच्या बिराजदार अण्णांना, तेही एका दिवसापुरता. अण्णा वकील.

वर गेलो. अण्णांनी दार उघडलं. डोक्याला टॉवेल, घरभर कांद्याचा वास.

“अण्णा, न विचारता दुसऱ्याचं नेट वापरणं गुन्हा हाय ना?”

“हाय की,” अण्णा शांतपणे म्हणाले, “पण पुरावा लागतो.”

तेवढ्यात माझ्यामागून आई जिना चढून आली. “अण्णा, टॉवेल काढू नका. अर्धा तास ठिवायचं हाय. तुमचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला.”