पाणथळीची दोनशे चौदा चित्रं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालकसाहेब. मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या चित्रकार बाई, शेजारी बसलेली त्यांची लेक. माझे सहकारी, संस्थेचे जुने-नवे विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत दाराजवळची खुर्ची पकडून बसलेले आमचे ड्रायव्हरकाका… सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. वाळलेल्या झाडांच्या विभागातल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे फार झाली. आमच्याकडची मंडळी शंभर-शंभर वर्षं कागदाला चिकटून गप्प असतात, त्यांच्या संगतीत राहून मलाही बोलायची सवय उरलेली नाही. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

एकतीस वर्षांपूर्वी बाई आपल्याकडे आल्या त्या सहा महिन्यांसाठी. एका पुस्तकात चित्रं हवी होती, तेवढ्यापुरत्या. तिसऱ्या मजल्यावरची उत्तरेकडच्या खिडकीची खोली त्यांना दिली, कारण ती कोणालाच नको होती. मी पहिल्याच दिवशी रुबाबात वाळलेले बारा नमुने त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "यावरून काढा." संध्याकाळी बारा नमुने जसेच्या तसे माझ्या टेबलावर परत. वर बाई स्वतः उभ्या.

"ही गेलेली आहेत," म्हणाल्या. "गेलेल्या माणसावरून तो हसायचा कसा, ते मी कसं काढू?"

मी म्हटलं, "बाई, शास्त्राला हसणं लागत नाही. पाकळ्या मोजता आल्या की पुरे."

"मग मोजा की. मला कशाला बोलावलंत?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून संस्थेची गाडी त्यांना शहराबाहेरच्या पाणथळीवर सोडायला लागली. इथल्या नव्या मुलांनी ती जागा पाहिलेली नाही. शेवटच्या बसथांब्याच्या पुढे, विटांच्या भट्टीमागे, दीड-दोनशे एकर नुसता चिखल, लव्हाळे आणि मधूनमधून आरशासारखी डबकी. आम्हा तज्ज्ञांच्या नकाशावर तिला नाव नव्हतं. काका तर म्हणायचे, "बाईंना तिथं सोडणं म्हणजे लेकीला माहेरी सोडणं. जाताना गप्पा, येताना तोंडातून शब्द नाही."

बाई घडीच्या स्टुलावर बसायच्या. पहिला अर्धा तास कागदाला हात लावायचा नाही. एकदा एक वार्ताहर आला होता, त्याने विचारलं, "हे ध्यान वगैरे आहे का? तुमची देवावर श्रद्धा आहे?" बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "देवाचं मला काही कळत नाही हो. पण समोर जे आहे त्याच्याकडे नीट बघायचं, त्याच्याकडे काही मागायचं नाही, आणि दिसलं त्यात पदरचं काही घालायचं नाही. याला कोणी प्रार्थना म्हणत असेल, तर ती माझ्याकडून रोज होते." ते वाक्य काही छापून आलं नाही. 'महिला चित्रकाराचा चिखलात संसार' असा मथळा आला. त्यावर बाईंचे यजमान, आता ते नाहीत, पण तेव्हा महिनाभर कोणालाही पत्ता सांगताना म्हणायचे, "चिखलात या."

आपल्या हातात निमंत्रणपत्रिका आहे, तिच्यावरचं पांढरं फूल पाहा. पत्रिकेत ते रुपयाएवढं दिसतं. प्रत्यक्षात मोहरीच्या दाण्याएवढं होतं. त्या पाणथळीतल्या एकाच डबक्यात ही वनस्पती होती. दुसरीकडे कुठे असल्याची नोंद आमच्याकडे नाही. वर्षातले आठ दिवस फुलायची, सकाळी दहाला उघडायची आणि बाराला मिटायची. काकांनी तिचं नाव ठेवलं 'दहाची'. तिचं शास्त्रीय नाव मी ठेवलं होतं, चांगलं सतरा अक्षरांचं. पण संस्थेत मीसुद्धा तिला दहाचीच म्हणायचो.

दहाचीचं चित्र पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली. हिशेब सोपा आहे, वर्षाला सोळा तास. त्यातलं एक वर्ष आभाळ भरलेलं राहिलं, फूल उघडलंच नाही, ते कोरडं गेलं. पाचव्या वर्षी बाई माझ्या खोलीत आल्या, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, जमलीय का?" मी भिंग लावून पाहिलं. पाहता पाहता माझा श्वास कागदावर पडू नये म्हणून मी तोंडावर हात धरला. तीस वर्षांत मी एवढंच एक चित्र असं पाहिलंय.

अशी दोनशे चौदा चित्रं झाली.

इथवर माझ्या आधीच्या वक्त्यांनीही सांगितलं, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगितलं. संचालकसाहेब म्हणाले, "शेवटच्या दिवसापर्यंत बाईंचा ब्रश थांबला नाही." साहेब, तुम्ही दीड वर्षापूर्वी आलात, तुम्हाला कोणी सांगितलं नसणार, रागावू नका. बाईंचा ब्रश तीन वर्षांपूर्वीच थांबला. तीन वर्षं त्या रोज वेळेवर येतात, तक्त्यांवरची अक्षरं गिरवतात, जुन्या चित्रांवरची बुरशी पुसतात. नवीन एक रेघ त्यांनी काढलेली नाही. आणि तो का थांबला, हे या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे. एक त्या, दुसरा मी.

परवा मी त्यांना विचारलं होतं, "बाई, समारंभात काय बोलू?" म्हणाल्या, "खरं काय ते बोला. पण थोडक्यात."

तर थोडक्यात सांगतो.

पाच वर्षांपूर्वी पाणथळीवर भराव घालून मालाची मोठी गोदामं उभारायचं ठरलं. संस्थेचं मत मागवलं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. गोदामं बांधणाऱ्या कंपनीचा अभियंता भेटायला आला. मी मनाशी एखादा राक्षस उभा करून ठेवला होता. निघाला सभ्य, मवाळ माणूस. बाईंची चित्रं त्याने तासभर पाहिली, एकेक. डोळे पुसले. खोटे नव्हते ते अश्रू. मग मला म्हणाला, "सर, एवढं सगळं काढून ठेवलंय, म्हणजे तसं हरवणार काहीच नाही ना?"

तेव्हाच त्याला बाहेरची वाट दाखवायला हवी होती. मी काय केलं? मी चहा मागवला.

तेव्हाचे संचालक म्हणाले, "हे होणारच आहे. विरोध केला तर पुढच्या वेळी आपल्याला कोणी विचारणारही नाही. त्यापेक्षा अटी घाला." मला ते पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. मी अट घातली की दुर्मीळ वनस्पती संस्थेच्या आवारात हौद बांधून त्यात हलवाव्यात. आणि अटीच्या वर एक वाक्य लिहिलं. मला ते पाठ आहे. "सदर क्षेत्रातील वनस्पतींची संपूर्ण चित्ररूप नोंद संस्थेकडे उपलब्ध असल्याने भरावामुळे शास्त्रीय हानी संभवत नाही."

त्या कागदावर चित्रकार म्हणून बाईंची सही हवी होती. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"संपूर्ण?"

"दोनशे चौदा आहेत, बाई."

"दोनशे चौदा मी काढल्यात. तिथं आहेत किती, ते मला कुठं ठाऊक आहे? तुम्हाला आहे?"

"तशी पद्धत असते लिहायची."

"आणि हानी संभवत नाही म्हणजे? माझ्या मुलीचा फोटो आहे माझ्याकडे. म्हणून…" पुढचं त्या बोलल्या नाहीत. कागद माझ्याकडे सरकवला. "मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका."

त्यांच्या सहीची जागा मोकळी ठेवून मी तो पाठवला. खाली माझी सही होती, ती पुरली.

भराव पडायला चार महिने लागले. बाई एकदाही तिकडे गेल्या नाहीत. काका गेले होते. परत आल्यावर गाडी धूत राहिले, गाडी स्वच्छ झाल्यावरही धूत राहिले.

हौदाचं सांगतो. मी स्वतः चिखलात उतरून दहाचीची एकोणीस रोपं काढली. त्याच डबक्याचं पाणी आणलं, तोच गाळ आणला, सावली मोजून छप्पर घातलं. जे जे मला येत होतं ते सगळं केलं. पहिल्या महिन्यात अकरा उरली, तिसऱ्या महिन्यात चार. बाई रोज जिन्यावरून उतरताना हौदापाशी थांबायच्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माणूस निदान उत्तर जुळवतो. फुलायचे आठ दिवस आले. एकच रोप शिल्लक होतं, कळी धरलेलं. आम्ही दोघं सकाळी साडेनऊपासून हौदाच्या काठावर बसलो. दहा वाजले, अकरा झाले, बारा वाजले. कळी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा देठ मऊ पडला.

तेव्हा बाई बोलल्या. आवाज चढवून नव्हे. आपण उद्याचा डबा काय, असं विचारतो ना, त्या आवाजात. "मला वाटायचं, मी काढतेय म्हणजे त्यांना सांगतेय, तुम्ही आहात, मला दिसताय. तुमचं ते वाक्य वाचल्यावर कळलं, मी यादी करत होते. काढून झालं की पुसायला मोकळं."

त्या दिवसापासून ब्रश बंद.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी आज इथे उभा राहून एक चुकलेला माणूस म्हणून तुमच्यासमोर मान खाली घातली असती. पण गेल्या वर्षी दुसरी गोष्ट घडली. उत्तरेकडच्या टेकडीच्या गवतांची चित्रं काढायचं काम संस्थेकडे आलं. बाईंनी नाही म्हटलं. नव्या साहेबांना वाटलं, वय झालं. मला म्हणाल्या, "मी काढणार नाही. निदान कोणाला म्हणता येणार नाही की नोंद आहे, आता खोदा."

टेकडीवरच्या खडीच्या खाणीसाठीचा अहवाल दुसऱ्या एका कार्यालयाने लिहिला. त्यात म्हटलं होतं, या क्षेत्रातील वनस्पतींची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. सबब येथे जतन करण्याजोगे काही आढळत नाही. तीन आठवड्यांत अर्धी टेकडी खडी होऊन गेली.

मी तो अहवाल बाईंना दाखवणार नव्हतो. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. दुपारी माझ्या खोलीत आल्या, बसल्या नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाल्या, "तीही गेली? मी तर काढलंही नव्हतं."

मित्रहो, यावर तुम्ही काय म्हणाला असता? मी शास्त्रातला माणूस, चाळीस वर्षं वाचतोय. मला एवढाच हिशेब मांडता आला. काढलं तर जातं, नाही काढलं तरी जातं. मग जन्मभर ज्या बाईने चिखलात बसून इतक्या मायेने बघितलं, त्या बघण्याचं काय झालं? पाहुण्या मघाशी म्हणाल्या, कला निसर्गाला अमर करते. ताई, माफ करा, तुमचा मान राखून सांगतो: मी त्या अमर झालेल्या वनस्पतीला बोटांत धरून कुजताना पाहिलंय. चित्र फार सुंदर आहे. गोदामाच्या स्वागतकक्षातही त्याची मोठी प्रत लावली आहे. त्या अभियंत्यानेच लावली, मनापासून.

बाई उद्यापासून लेकीकडे राहायला जातायत. काल त्यांचं कपाट रिकामं करायला मी गेलो होतो. रंगांच्या नळ्या वाळून दगड झालेल्या. त्यांनी त्या एकेक करून टोपलीत टाकल्या. मी म्हटलं, "बाई, मला एकदा तरी बोला. काहीही बोला." त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही वाईट माणूस नाही. तीच तर पंचाईत आहे." आणि पुढचा खण उघडला.

संचालकसाहेब मघापासून घड्याळ पाहतायत, आणि योग्यच आहे. मला बोलायची संधी दिली त्याबद्दल संस्थेचा, व्यासपीठाचा आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचा आभारी आहे. बाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला ठरवता आलं नाही, म्हणून ते राहू देतो. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढ्यापुरतं मला मोठ्या मनाने क्षमा करावी. तेवढ्यापुरतंच. बाकीची क्षमा मी इथे मागत नाही, कारण ती जिच्याकडे मागायची ती या सभागृहात पत्रिकेवरच्या चित्रापुरतीच आहे, आणि बाहेर कुठेही उरलेली नाही.

नमस्कार.