तीच खाट द्या

एका लाकूड व्यापारी घराण्याच्या दानधर्माचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मला वाटलं होतं की तसबिरी आणि मानपत्रांनी भरलेली खोली बघायला मिळेल. पण लकडगंजचे म्हातारे सेठजी मला घेऊन गेले थेट त्यांच्या पणजोबांनी बांधलेल्या मोफत प्रसूतिगृहाच्या जनरल वॉर्डात.

"हाच आमचा इतिहास," ते म्हणाले. "बाबा, मी, माही पोरं, सारे इथंच जन्मलो."

मला तेव्हा सातवा महिना होता. परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली मी, स्वतःच्या बाळंतपणासाठी मात्र रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलात एसी खोली ठरवून बसले होते. तरी शहाणपणा शिकवलाच. "सेठजी, घरच्यांसाठी एक स्पेशल रूम बांधा ना."

शेजारी चादर बदलणाऱ्या आयाबाई हसल्या. "काहून वं? मंग आमचे पंखे कोण पाहणार? मागच्या उन्हाळ्यात सेठजीची नात इथं बाळंत झाली. तिच्यावरचा पंखा बंद पडला, तं सांजेपर्यंत साऱ्या वॉर्डाचे पंखे नवे!"

मला वाटलं, सेठजी खूश होतील. त्यांनी मान खाली घातली. "तिच्या आधीच्या बाईलेही उकडतच असन ना. ते मले काहून नाही समजलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासपेठेतली खोली रद्द केली आणि वॉर्डात नाव नोंदवायला गेले. आयाबाई म्हणाल्या, "कोपऱ्यातली खाट नको घेऊ वं, तिथला नळ गळून राहिला."

म्हटलं, "तीच द्या."