त्रिवेणीचं रान

चोरी? मी? अहो गार्डसाब, नीट बघा की — चोर झाडं उपटून नेतो, मी लावतेय! मराठी येते ना तुम्हाला? आदिलाबादचे? हौ, मग बरं झालं, उर्दूत मला खोटं नीट बोलता येत नाही. परमिशन कुठंय म्हणता? होती की, दोन वर्षांखाली! तुमच्याच खात्यानं आम्हा नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या बारा बायकांना बसमधून इथं आणलं होतं, बीजगोळे फेकायला. शेणमातीचा गोळा, पोटात बी, पाऊस पडला की रुजतं. ती बोरं, सीताफळं वर आलीत बघा, ती बाकीच्या जणींची. आणि हे टक्कल पडलंय ना मधोमध — हे आमचं. माझं अन् त्रिवेणीचं.

त्रिवेणी म्हणजे माझी शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची. तिनं वर्षभर घरोघर हिंडून चिंचोके जमवले — कुणाकडं चिंच घालून खट्टी दाळ शिजली की ही दारात हजर! डबाभर झाले. ‘इंदू, तुझ्या हातचे गोळे गोल होतात,’ म्हणाली अन् डबा माझ्याकडं दिला. झाले ना गोल. आत चिंचोके नव्हते, एवढंच.

काय होतं? खडे. हसू नका. भाजून खाल्ले मी चिंचोके. मूठभरच भाजू म्हटलं — मग अजून मूठभर — टीव्ही चालू होता हो. डबा संपला अन् दाढही तुटली. ती पण घातली एका गोळ्यात. बघा शोधून, कुठंतरी दात उगवला असेल. आणि ही बाई फेकताना प्रत्येक गोळ्याला हात जोडत होती. मी मागं पदर तोंडात कोंबून हसतेय. लई हसले. एवढं हसायला नको होतं.

मग आजच का? अहो, ती चाललीय. लेकाकडं, पुण्याला, कायमची. सामान गेलंसुद्धा. जायच्या आधी माझं रान एकदा बघते म्हणाली. माझं रान! काय दाखवू तिला? म्हणून पहिल्या आटोनं ही चिंचेची सात रोपं घेऊन आले. डोळे अधू झालेत तिचे, पण पानावरून बोटं फिरवली की चिंच लगेच ओळखती.

काय? रांग? कसली रां— अगोबाई! सरळ रांगेत लावली की मी! शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. जंगल असं उगवतं का कुठं? चौथी नापास बाई, पट्टीनं रेघ मारायची तेवढी शिकले. दोन-तीन उपटा, तिकडं खोचा — लवकर! रोपांच्या त्या काळ्या पिशव्या तुमच्या खिशात कोंबा. तिनं विचारलं तर म्हणायचं, हौ अम्मा, आपोआप आली. नक्को काय? एवढा उंच माणूस, एवढंसं खोटं बोलवत नाही?

आटो थांबला का? आलीच. ती ज्योती, तिची सून, हात धरून उतरवतेय बघा. आणि हे काय करतेय — चप्पल काढली बाईनं. अनवाणी येतेय. देवळात यावं तशी.

राहू द्या, गार्डसाब. नका उपटू. राहू दे रांगेत. नाही, तुम्ही काही बोलायचं नाही, तुम्ही जावा. जावा म्हणते ना! — त्रिवेणी, थांब गं तिथंच. चप्पल घाल आधी. तुला एक सांगायचंय.