रिसॉर्टच्या शेजारी म्हातारपण काढावं का?

अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंच बुधीताई, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख गौतम सर, ज्यांना आज शाळा निरोप देते आहे ते आमचे हरेश गुरुजी, आणि भर उन्हात पाड्यावरून चालत आलेल्या आयाबहिणींनो, बंधूंनो, सर्वांना माझा जोहार.

मी मीना. गुरुजींच्या हाताखाली शिकले, आता याच शाळेत शिकवते. त्यांच्या सेवेबद्दल बोल, असं मला सांगितलंय. पण गेल्या आठवड्यात गुरुजींनीच मला एक प्रश्न घातला. मुलं नाशिकला बोलावतायत, मन मात्र पाड्यावर आहे. "मीना, रिसॉर्टच्या शेजारी म्हातारपण काढावं का?" अध्यक्षांची परवानगी असेल तर उत्तर इथंच देते.

फायदे आहेत, का नाकारायचे? जव्हारपासून पाड्यापर्यंत डांबरी रस्ता झाला तो रिसॉर्टमुळेच. आमच्या घरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, ती आता तिथं खोल्या झाडतात आणि रोज घरी येऊन जेवतात. बायका फाटकाशी बसून करवंदं विकतात. आजचं जेवणही रिसॉर्टकडून आलंय, तेही फायद्यातच धरा.

आणि तोटे? त्यांच्या बोअरने आमची विहीर होळीआधीच तळाला जाते. शनिवार-रविवारी गाणी इतकी मोठ्याने लावतात की तान्ही पोरं दचकून रडतात. पण हे सगळं सोसता येतं. सोसता येत नाही ते दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी घडलं.

माझी चुलत बहीण सकू दुपारी विहिरीवर अंघोळ करत होती. रिसॉर्टला उतरलेले चार जण वरच्या खडकावर बसून मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत होते. माझा धाकटा भाऊ नितीन तिथं वेटर होता. त्याने पाहिलं. चौघे आत परतले तेव्हा त्याने हात जोडून सांगितलं, साहेब, ते पुसून टाका, ती माझी बहीण आहे. ते हसले. नितीनने मोबाइल ओढला.

पहिली बाटली त्याच्या डोळ्यावर फुटली. तो पडल्यावर दोघांनी त्याला पट्ट्यांनी मारलं, एकाने बुटाने जबडा तुडवला. तिथंच खोल्या झाडणाऱ्या, सोडवायला धावलेल्या माझ्या आईला, नवशीला, केस धरून फरशीवर आपटलं. तिचे पुढचे दात त्या फरशीवर सांडले. मॅनेजरने घाबरून चौघांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

बातमी पाड्यावर पोचायला किती वेळ लागतो? माझे वडील पांड्या कोयता घेऊन निघाले, त्यांच्यामागे सगळा पाडा, मीही. काचा फुटल्या, खुर्च्या पेटल्या. कुणीतरी पेट्रोलचा कॅन आणला. खोलीतले आता रडत होते, आणि खरं सांगते, ते रडणं ऐकून मला बरं वाटत होतं.

दाराशी गुरुजी उभे होते. शाळेजवळच राहतात, धावत आले होते.

वडील म्हणाले, "गुरुजी, बाजूला व्हा. माझा पोर मेला तिथं."

"मेला नाही, पांड्यादादा. श्वास चालू आहे. गाडी बोलावलीय, त्याला उचलू."

"आधी यांना."

वडिलांनी कोयता उगारला. तो दारावर बसणार तोच गुरुजींनी हात आडवा घातला. हाड दिसलं. गुरुजी हलले नाहीत. दुसऱ्या हाताने कडी घट्ट धरून म्हणाले, "दादा, तू तुरुंगात गेलास तर पोराच्या उशाशी कोण बसेल?"

वडिलांनी ते रक्त पाहिलं आणि मटकन खाली बसले. कोयता मीच उचलला. पेट्रोलचा कॅन कुणी नेला, कळलं नाही.

पोलिसांनी चौघांना नेलं, वडिलांनाही नेलं. नितीन वाचला, पण डावा डोळा गेला. गुरुजींची दोन बोटं अजून वळत नाहीत. खडू ते डाव्या हाताने धरायला शिकले. कोर्टात त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं आणि शेवटी वडिलांकडे बघून म्हणाले, या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. वडील सुटले, पण गुरुजींसमोर यायचं त्यांनी बंद केलं. गुरुजी दिसले की शेताच्या बांधावरून वळून जायचे.

गुरुजी नाशिकला जातील असं वडिलांना परवा कळलं, तेव्हा ते पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले. मी तिथंच होते. वडिलांनी दाराबाहेरच वहाणा काढल्या. मग म्हणाले, "माझ्या घराला लागून एक खोली घालतो. कारवीच्या काठ्या तोडून आणल्यात. कुडाच्या भिंती असतील, चालंल का?"

गुरुजींनी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

तर गुरुजी, रिसॉर्टचा शेजार चांगला की वाईट, ते माझ्याने ठरत नाही. पण तुमचा शेजारी पांड्या असणार आहे. भिंती उद्यापासून सारवायला घेतोय.

रिसॉर्टचे मालक समोर बसलेत. त्यांना बोललेलं लागलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. आयोजकांचे आभार. ऐकून घेतलंत, तुमचे ऋण आहेत. चुकलं असेल तिथं घरची लेक म्हणून पदरात घ्या.